लेन्स आणि वरची पावलं

लेन्स घरात आल्यापासून थोरलीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. वस्तू केवढी, तर पाणी प्यायच्या पेल्याएवढी. काळी, जड, पुढच्या बाजूला निमुळती. दुकानदारानं ती वापरून बघायला दिली होती. पसंत पडली तर ठेवा, नाहीतर शुक्रवारी संध्याकाळी परत आणा. आणि बघता बघता शुक्रवार उजाडला होता.

"घ्या हो मॅडम, डोळे मिटून घ्या," दुकानदार म्हणाला होता. डोळे मिटून लेन्स घ्या म्हणणारा माणूस थोरलीनं पहिल्यांदाच बघितला. शिवाय किंमत ऐकल्यावर डोळे मिटायची वेळच आली नाही, ते आपोआप पांढरे झाले.

तरी माणूस लबाड नव्हता. त्यानं सगळं आधीच सांगून टाकलं होतं. "हे बघा, ही एकाच कामाची लेन्स आहे. बारकं असेल ते पाचपट मोठं करून दाखवणार. हिच्यातून माणसाचा फोटो निघायचा नाही. झाडाचा नाही, घराचा नाही. तुम्ही समोर उभ्या राहिलात तर तुमच्या जागी नुसतं धुकं दिसेल. मुंगीच्या डोळ्याबिळ्याचं काम असेल तर हिला तोड नाही. नसेल तर टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवावी लागेल."

थोरलीकडे काम होतं. मुंगीचं नसेल, पण त्याच जातकुळीचं. म्हणजे अजून आलं नव्हतं, येऊ घातलं होतं.

झालं होतं असं. खाली स्टुडिओ आणि वर राहायची जागा, असं ते बाबांच्या हातचं घर. जिना लाकडी, वरची जमीन लाकडी, आणि खालच्या छताला त्याच फळ्यांचं खालचं अंग दिसायचं. बाबांनी या स्टुडिओत अख्ख्या पेठेची लग्नं, बारशी आणि रुसवेफुगवे काढले. आता ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा. स्टुडिओत कोण कशाला येतंय? कोणाला पासपोर्टचा फोटो हवा असायचा, कोणाला आजोबांचा फाटलेला फोटो जोडून हवा असायचा. थोरली दिवसभर पंखा पुसत बसायची म्हटलं तरी चालेल.

तेवढ्यात त्या बाई आल्या. शहराच्या टोकाला धान्य तपासायची प्रयोगशाळा आहे, तिथल्या. थोरली मनातल्या मनात त्यांना कीटकवाल्या बाई म्हणायची. गोदामातलं धान्य पोखरणाऱ्या किड्यांचं एक मोठं पुस्तक त्यांना करायचं होतं. पर्समधून त्यांनी एक डबी काढली. आत टाचण्या, टाचणीला कागदाचा इवलासा त्रिकोण, आणि त्रिकोणाच्या टोकावर चिकटवलेला किडा. तो किडा आहे यावर विश्वास ठेवायचा, कारण दिसताना तो झाडून टाकावा असा कण दिसायचा.

"मला याच्या पायाची नखं हवीत," बाई म्हणाल्या.

"नखं?" थोरलीनं विचारलं. "याला पाय आहेत?"

"सहा आहेत. प्रत्येकाला दोन नखं. काहींच्या नखाला आतून एक दात असतो, काहींच्या नसतो. तो दात दिसला की जात ठरते, आणि जात ठरली की औषध ठरतं. आधीचे दोन फोटोग्राफर हात जोडून गेले. तुम्ही तीन किडे करून दाखवा. शनिवारी सकाळी मी येते. दात दिसले तर सगळ्या डब्या तुमच्याकडे."

सगळ्या डब्या म्हणजे काही वर्षांचं काम. स्टुडिओचं दार उघडं राहणार, घर चालणार, आणि थोरलीला पुन्हा आपल्या हाताला काही येतं असं वाटणार. पन्नाशी उलटल्यावर ही शेवटची गोष्ट काही साधी नसते. मग लेन्स घ्यावी, नाही का? घोडं कुठे पेंड खात होतं?

घोडं वरच्या मजल्यावर पेंड खात होतं. बाबा चालायचे.

बाबांचं डोकं गेली दोन-तीन वर्षं हळूहळू सुटत चाललं होतं. सकाळी चहात बुडवून खाल्लेलं बिस्कीट त्यांना आठवायचं नाही. थोरली कोण हेही कधी आठवायचं, कधी नाही. स्वभाव गोड राहिला होता, आरडाओरडा नाही, रडारड नाही. फक्त पाय थांबायचे नाहीत. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. डावा पाय जरा जड पडायचा. धप्, टप्. धप्, टप्. डॉक्टर म्हणाले होते, "चालू दे त्यांना. चालतात तोवर बरे आहेत." म्हणून थोरली खाली काम करताना कान वर ठेवून असायची. धप्, टप् ऐकू आलं की सगळं ठीक.

आणि नेमकं तेच धप्, टप् या लेन्सला सोसत नव्हतं. पाचपट मोठं दाखवणारी लेन्स, ती हलणंही पाचपट मोठं करून दाखवणार. त्यात एका फोटोत किड्याचा फक्त केसाच्या जाडीएवढा भाग स्पष्ट यायचा, पुढचा-मागचा सगळा धूसर. म्हणून कॅमेरा एका छोट्या रुळावर बसवायचा, बटण दाबलं की तो आपोआप जरासा पुढे सरकणार, फोटो काढणार, पुन्हा सरकणार. असे शे-दोनशे फोटो काढायचे आणि मग कॉम्प्युटरनं त्यातले स्पष्ट तुकडे उचलून एक अख्खा किडा जुळवायचा. याला थोरली जुळणी म्हणायची. एका जुळणीला पाऊण तास. त्या पाऊण तासात खोलीत कोणी शिंकायचंसुद्धा नाही.

पहिल्या दिवशीची जुळणी पूर्ण झाली आणि पडद्यावर किडा आला तेव्हा थोरलीनं पाय मोजले. नऊ भरले. देवानं सहा दिले, वरचे तीन बाबांनी.

तिनं काय काय केलं नाही? टेबलाखाली रबराच्या चकत्या घातल्या. मग सायकलच्या ट्यूब हवा भरून घातल्या. टेबल भिंतीपासून ओढून मधोमध आणलं, मग कोपऱ्यात नेलं. फ्लॅश लावून बघितला. त्यानं एकेक फोटो स्पष्ट यायचा, पण कागदाच्या टोकावरचा किडा दोन फोटोंच्या मधे डुलायचा तो डुलायचाच. बाबांच्या खोलीत जाड सतरंजी अंथरली, तर बाबा सतरंजी सोडून कडेकडेनं चालायला लागले. एरवी त्यांना स्वतःचं नाव विचारलं तर विचार करायचे, पण सतरंजी खराब करायची नाही हे बरं लक्षात राहिलं!

कॅमेरा घेऊन दुसरीकडे कुठे जावं, तर बाबांना एकटं कोण ठेवणार? रात्री करावं, तर रात्रभर समोरून गोदामाचे ट्रक. राहता राहिला एकच उपाय, आणि तो बुधवारी धाकट्यानं फोनवर बोलून दाखवला. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. लांबच्या शहरात नोकरीला, बायकामुलांसकट. माणूस मनानं वाईट नाही, पण लांबून सगळं सोपं दिसतं.

"ताई, मी त्या संस्थेत बोललोय. चांगली माणसं आहेत, बाग आहे. तिथे त्यांना चालायला मोकळी जागा मिळेल. तुझंही काम सुरू होईल."

"लेन्सपायी बापाला बाहेर काढू?"

"असं वाकडं का घेतेस? लेन्सपायी कुठे? तुझ्यापायी. तू आरशात बघितलंस का स्वतःला?"

थोरलीनं आरशात बघितलं नव्हतं, आणि बघायची इच्छाही नव्हती. "शुक्रवारपर्यंत सांगते," असं म्हणून तिनं फोन ठेवला. तेव्हापासून तिच्या छातीत एक धडधड बसली होती ती बसलीच. कारण धाकटा बोलला ते तिच्या मनात आधीच येऊन गेलं होतं. लेन्स घ्यायची की नाही, या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता, आणि तो तिला कोणी मोठ्यानं विचारायला नको होता. लेन्स ठेवली तर बाबा जाणार. बाबा राहिले तर लेन्स जाणार, आणि मागोमाग स्टुडिओही. बोला, कुठलं हवं?

शुक्रवारी सकाळी ती बाबांना चहा द्यायला वर गेली. बाबा चालत होते. तिला बघून थांबले, हसले आणि अदबीनं म्हणाले, "या, या. पासपोर्ट की फॅमिली?"

"मी आहे बाबा. थोरली."

"हो का? मग बसा. खुर्चीवर बसा."

खुर्ची म्हणजे स्टुडिओतली जुनी, उंच पाठीची. खाली अडचण व्हायला लागली तेव्हा ती वर खिडकीपाशी आणून ठेवली होती. त्या खुर्चीत बाबांनी किती माणसं बसवली असतील! तेव्हा दिवे मंद, कॅमेरा जुना, त्यामुळे गिऱ्हाइकाला दगडासारखं बसवावं लागे. पाठ ताठ, हात गुडघ्यावर, हनुवटी किंचित वर. मग बाबांचा आवाज यायचा, "हलू नका!" त्या आवाजापुढे भलेभले थिजायचे. एकदा एका पैलवानाच्या नाकावर माशी बसली, पण पठ्ठ्या हलला नाही. फोटोत माशीसकट आला.

आणि थोरलीचं काम असायचं माणसाला सोडवायचं. सहा-सात वर्षांची असेल. दाराशी स्टुलावर उभी राहायची, बाबांनी बोट वर केलं की ओरडायची, "झालं!" तिच्या त्या एका शब्दावर खुर्चीतली माणसं सैल पडायची, खोकायची, हसायची, नाक खाजवायची. तिला त्याची फार गंमत वाटायची. एकदा ती बाहेर मांजराच्या पिल्लामागे पळाली आणि एक म्हातारी ताटकळत बसून राहिली. त्या दिवशी बाबा पहिल्यांदा आणि शेवटचे तिच्यावर चिडले. "फोटो बिघडला तर दुसरा काढता येतो," ते म्हणाले होते. "पण माणूस आपल्या शब्दावर बसलेला असतो गं. त्याला विसरायचं नाही."

पण हे सगळं जुनं झालं. शुक्रवारी सकाळी थोरलीच्या डोक्यात यातलं काही नव्हतं. डोक्यात होती संध्याकाळ, दुकानदार आणि नऊ पायांचा किडा. बाबांनी चहा घेतला, बिस्कीट खाल्लं. तिनं त्यांचं तोंड पुसलं, पाण्याचं भांडं टेबलावर ठेवलं आणि ती खाली आली.

किडा लावला. उजेड लावला. बटण दाबलं आणि ती स्टुलावर श्वास रोखून बसली. रूळ सरकला, कॅमेऱ्यानं टिक् केलं. पुन्हा सरकला, टिक्. आणि वर सुरू झालं. धप्, टप्. धप्, टप्. समोरच्या पडद्यावर किड्याचा पाय थरथरायला लागला, धप् झालं की जास्त, टप् झालं की कमी. तिनं जुळणी थांबवली. पहिल्यापासून लावली. बाबा थांबले. दहा-बारा फोटो झाले आणि पुन्हा धप्.

तिसऱ्यांदा हेच झालं तेव्हा थोरलीच्या डोक्यात सणक गेली. उठली, जिन्याच्या तळाशी गेली, कठडा धरला आणि वर तोंड करून कडाडली, "हलू नका!"

स्वतःचा आवाज ऐकून तिची तीच दचकली. तो आवाज तिचा नव्हताच, बाबांचा होता. तोच दरारा, तीच ओढ.

वर एकदम शांत झालं. मग खुर्ची सरकल्याचा एक आवाज आला. मग काहीच नाही.

तिला लाज वाटली. म्हाताऱ्या बापावर ओरडलीस, शाब्बास! वर जाऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा असं वाटलं. पण ही शांतता! चार दिवसांत अशी शांतता मिळाली नव्हती. जिना चढला तर तो करकरणार, बाबा पुन्हा उठणार. एवढी एक जुळणी होऊ दे, मग जाते. असं म्हणून तिनं बटण दाबलं.

टिक्. टिक्. टिक्. पाऊण तास पडद्यावर काही म्हणता काही हललं नाही. कॉम्प्युटरनं तुकडे जुळवले आणि किडा हळूहळू उगवत गेला. सहा पाय! मोजून सहा. पाठीवर खड्डे, खड्ड्यात केस, केसावर धुळीचा कण. तिनं पायाचं टोक मोठं करून बघितलं. दोन नखं होती, आणि नखाच्या आतल्या बाजूला, अगदी ठसठशीत, दात होता.

"आहे गं बाई, आहे!" ती एकटीच म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. त्या क्षणी तिला कोणी विचारलं असतं, तर लेन्स तिनं घर गहाण टाकूनही घेतली असती. दुकानदार खोटं बोलला नव्हता. हिला तोड नाही.

वर अजून शांत होतं. डुलकी लागली असेल, तिनं ठरवून टाकलं. रात्री नीट झोपले नव्हते, बरं झालं. आणि डुलकी लागलीच आहे तर दुसरा किडा का होऊ नये? तिनं दुसरी टाचणी लावली. तीही जुळणी आरशासारखी आली. मग तिसरी. उपाशी माणसाच्या पुढ्यात ताट आलं की तो मधे पाणी प्यायला थांबतो का? तशी ती थांबली नाही. मधे एकदा वाटलं, फार वेळ झाला. पण तेव्हा जुळणी अर्धी झाली होती.

तिसरा किडा पडद्यावर येत होता तेव्हा धाकट्याचा फोन आला.

"ताई, आज शुक्रवार. काय ठरलं?"

"अरे, आले! तिन्ही आले!" तिला आनंद आवरत नव्हता. "दात दिसतोय, खड्डे दिसतायत. एकदासुद्धा हललं नाही."

"वा! आणि बाबा?"

"बाबा शांत आहेत. सकाळपासून एकदम शांत."

 "शांत?" पलीकडून धाकट्यानं विचारलं. "आपले बाबा?"

थोरलीच्या हातातून फोन टेबलावर पडला. पडद्यावरचा किडा तिच्याकडे बघत होता. सहा पाय, बारा नखं, एक केसभर हललेलं नाही. म्हणजे वर एवढा वेळ एक पाऊल पडलं नव्हतं. चालतात तोवर बरे आहेत. डॉक्टर असंच म्हणाले होते. ही शांतता तिनं किती हौसेनं वापरली होती!

जिना ती कशी चढली ते तिचं तिलाच ठाऊक नाही. एका पायरीवर गुडघा आपटला, तेही नंतर कळलं. "बाबा!" ती हाका मारत होती. "बाबा! ओ बाबा!" उत्तर नव्हतं. देवा, एवढं नको. लेन्स नको, काम नको, काही नको. एवढं एक नको. दार नुसतं लोटलेलं होतं, पण ते उघडायला हात होईना.

शेवटी तिनं दार ढकललं.

बाबा खुर्चीत बसले होते. पाठ ताठ. दोन्ही हात गुडघ्यांवर. हनुवटी किंचित वर. खिडकीतून आलेलं ऊन थेट तोंडावर पडलं होतं, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागून गळ्यापर्यंत गेल्या होत्या. तरी मान वळली नव्हती. ओठ कोरडे ठक्क. पाण्याचं भांडं हाताच्या अंतरावर, तसंच भरलेलं. पायजमा ओला होता आणि खुर्चीखाली फळीवर ओल पसरली होती.

"बाबा..."

ते हलले नाहीत. तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. हात गरम होता. गुडघ्यावर दाबून धरलेली बोटं बारीक थरथरत होती, एवढी बारीक, की खालच्या लेन्सलासुद्धा कळली नव्हती.

मग ओठ हलू न देता, दातांच्या फटीतून त्यांनी विचारलं, "झालं?"

थोरलीला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती त्यांच्या पायाशी, त्या ओल्यातच बसली. सकाळपासून हा माणूस तिच्या शब्दावर बसला होता. स्वतःचं नाव विसरला, पोरांची नावं विसरला, बायको जाऊन किती दिवस झाले ते विसरला. आणि हे विसरला नाही! तिला रडू आलं तसा रागही आला. कोणी सांगितलं होतं एवढं ऐकायला? जन्मात कोणाचं ऐकलं नाही, औषध घ्या म्हटलं तर तोंड फिरवतात, आणि आज बरं ऐकायचं सुचलं!

"झालं, बाबा," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, लहानपणी ओरडायची तशी, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी. "झालं! झालं हो!"

बाबांनी श्वास सोडला. खांदे खाली आले, मान सैल पडली, आणि मग ते खोकले. डोळे मिचकावून त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"चांगला आला का?" त्यांनी विचारलं.

तिनं नुसती मान हलवली.

तिचं रडणं बघून त्यांचा काहीतरी गैरसमज झाला असावा. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "नसेल आला तर राहू दे. त्यात रडायचं काय? पुन्हा काढ. मी बसतो."

आणि खरंच पाठ ताठ करायला लागले.

"नको!" थोरली ओरडली. त्यांचे दोन्ही हात तिनं गुडघ्यांवरून ओढून आपल्या हातात घेतले. "नको बाबा. आता नाही बसायचं. उठा. उठा बघू."

तिनं त्यांना पाणी पाजलं, आणखी मागितलं तेव्हा आणखी पाजलं. कोमट पाण्यानं पाय धुतले, कोरडे कपडे घातले, खिडकीचा पडदा ओढला, फळी पुसली. खाली टेबलावर फोन वाजून वाजून थकत होता. शेवटी तिनं जाऊन घेतला.

"काय झालं ताई? बोल ना! माझा जीव टांगणीला लागलाय."

"बरे आहेत. चूक माझी होती, मग सांगते. त्या संस्थेला नाही म्हणून कळव."

"आणि लेन्स?"

"ती जाते परत."

"अगं, पण तूच म्हणालीस ना, तिन्ही आले म्हणून?"

"आले. कसे आले ते मला बघवत नाही."

दुकानदाराला तिनं लगेच फोन केला. धीर टिकेल की नाही याची तिची तिलाच खात्री नव्हती. तो बिचारा गोंधळला. "फोटो चांगले नाही आले का मॅडम? काही दोष आहे का लेन्समध्ये?"

"एकही दोष नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं ना, हिच्यातून माणूस दिसत नाही म्हणून. तेवढंच. संध्याकाळी आणून देते."

उद्या कीटकवाल्या बाई येणार होत्या. त्यांना ते तीन किडे द्यायचे, आणि बाकीच्या डब्या घेता येणार नाहीत म्हणून सांगायचं. आधीचे दोघे हात जोडून गेले होते, ही तिसरी. पुढे काय करायचं, स्टुडिओचं दार किती दिवस उघडं ठेवायचं, तिला काही सुचत नव्हतं. छातीतली धडधड गेली नव्हती. ती कदाचित जाणारही नव्हती. लेन्स डबीत घालताना तिचे हात जड झाले, खोटं कशाला बोला. तिनं एकदा पडद्यावरच्या नखाकडे बघितलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

तेवढ्यात वर फळी वाजली. धप्. मग बराच वेळ काही नाही. थोरली तशीच उभी राहिली, डबी हातात धरून, मान वर करून. इतका वेळ ताठ बसून पाय आखडले असतील. उठता येत नसेल. पडतील.

टप्.

ती जिना चढून वर गेली. बाबा भिंतीला धरून उभे होते, पुढचं पाऊल टाकायला घाबरत होते. तिला बघून हसले.

"या, या. पासपोर्ट की फॅमिली?"

"फॅमिली," थोरली म्हणाली आणि तिनं त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. दोघे खिडकीपर्यंत गेले. वळले. दारापर्यंत आले. तिचीही पावलं त्यांच्याबरोबर जोरात पडत होती, सगळी फळी दणाणत होती. खाली टेबलावर तिसरी टाचणी तशीच लावलेली राहिली होती. तिच्या टोकावरचा किडा डुलत असणार.

डुलू दे मेल्याला.